घरात बोट, घराघरात वीत

लाँड्रीत नवीन येणाऱ्या माणसाला वाटायचं, वीतबाईंना हे नाव त्यांच्या उंचीवरून पडलंय. तसं वाटायला जागाही होती. काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसल्या की बाई गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवायच्या, आणि उतरल्या की एकदम गायब व्हायच्या. मग काउंटरपलीकडून नुसता आवाज यायचा, "थांबा, आणते." पण नाव उंचीचं नव्हतं. नाव होतं दांडीचं.

काउंटर आणि इस्त्रीघर यांच्या मधल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लोखंडी दांडी होती. धुऊन, इस्त्री होऊन तयार झालेले कपडे हँगरला लावून तिच्यावर टांगायचे, गिऱ्हाईक आलं की काढून द्यायचे. या दांडीवर चाळीस वर्षं वीतबाईंचा एकच कायदा चालत आला होता. एका घरचे कपडे एकमेकांपासून बोटभर अंतरावर. घर संपलं की वीतभर जागा मोकळी. मग दुसरं घर. घरात बोट, घराघरात वीत. कपड्यांना चिठ्ठ्या असायच्या, पण त्या वाचायची वेळ क्वचित यायची. दारातून नजर टाकली की कुणाचं बिऱ्हाड कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते दिसायचंच.

या लाँड्रीत त्या पहिल्यांदा आल्या त्या गिऱ्हाईक म्हणून. एकोणीस वर्षांच्या होत्या. वडिलांचा कोट हरवला होता. तेव्हा दांडीवर कपडे असे कोंबलेले असत की एक हँगर ओढला तर सात खाली यायचे. चिठ्ठ्या वाफेने गळून पडायच्या. म्हातारे मालक, म्हणजे आताच्या मालकांचे वडील, तासभर शोधून घामाघूम झाले आणि म्हणाले, "पोरी, तूच बघ बाई." पोरीने बघितलं. कोट सापडेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि कोट सापडला तेव्हा अर्धी दांडी लावून झाली होती. म्हाताऱ्याने तिथल्या तिथे विचारलं, "उद्यापासून येतेस?"

पहिल्या आठवड्यात त्यांनी वीत-वीत जागा सोडायला सुरुवात केली तेव्हा म्हातारा चिडला. "ही रिकामी दांडी कुणाला दाखवायला ठेवलीयस? अजून वीस शर्ट मावतील तिथे."

"मावतील की. पण सापडायचे नाहीत," बाई म्हणाल्या.

महिनाभरात कपडे हरवल्याची एकही तक्रार आली नाही, तेव्हा म्हातारा येईल त्याला सांगू लागला, "आमच्या लाँड्रीत रिकामी जागा कामाला आहे. बिचारी पगारही मागत नाही."

आता चाळीस वर्षं लोकांचे कपडे लावल्यावर लोकांबद्दल काही कळायचं राहत नाही. नवरा-बायकोची गाठोडी एका घरातून वेगवेगळी येऊ लागली की वीतबाईंना वकिलांच्या आधी सुगावा लागायचा. अशा जोडप्याचे कपडे त्या चार बोटं अंतरावर टांगायच्या. बोटही नाही, वीतही नाही. "अजून काही सांगता येत नाही," असं त्या अंतराचं म्हणणं असायचं. एकदा अशाच एका गिऱ्हाइकाने दांडीकडे पाहिलं आणि घरी जाऊन बायकोची माफी मागितली, असं इस्त्रीवाला शपथेवर सांगायचा. इस्त्रीवाल्याच्या शपथेला तसा काही अर्थ नव्हता.

हा इस्त्रीवाला बाईंच्या मागून चार वर्षांनी लागलेला. काटकुळा, वाफेने कायम ओला, आणि जिभेला इस्त्री कधी न झालेला. तो बाईंना ताई म्हणायचा आणि त्यांची एक खोड काढल्याशिवाय दिवस सुरू करायचा नाही.

घरीही बाईंचं तेच. नवरा बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त. सकाळी चहाचे दोन कप टेबलावर बोटभर अंतरावर आले की तो निर्धास्त पेपर उघडायचा. वीतभर अंतर दिसलं की पेपर न उघडताच विचारायचा, "काल मी काय बोललो होतो?"

सगळं असं सुतासारखं सरळ चाललं होतं, आणि मालकांच्या मुलीचं लग्न झालं.

जावई शिकलेला होता. कॉम्प्युटरवर लोकांसाठी स्क्रीन बनवायचा. मुलगा गुणी, बोलायला गोड, अंगाने शेलाटा. त्याच्यात खोट काढायची तर एकच होती, की तो कामाला यायला उत्सुक होता. लग्नानंतर दोन महिन्यांत त्याने सासऱ्याला सांगितलं, "मामा, चिठ्ठ्या-बिठ्ठ्या काय लिहिता अजून. मी तुम्हाला एक स्क्रीन करून देतो. फुकट."

मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीच्यांच्या पुढे येईल, असं इस्त्रीवाला म्हणाला.

बाईंनी तेव्हा दांडीवर जावयाचेही कपडे लावायला घेतले होते. मालकांच्या घरचे कपडे एका टोकाला, बोटाबोटावर. त्यांच्यानंतर वीतभर जागा, आणि मग जावयाचा करडा कोट, दोन शर्ट, पँट. मालकांनी एकदा भुवया उंचावल्या, "बाई, तो आपल्याच घरचा ना?"

"बघू की," वीतबाई म्हणाल्या. "पाहुणा आहे अजून."

स्क्रीन आली. काउंटरवर, स्टुलासमोर बसवली. बाईंनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. त्यांना वाटलं काच खराब आहे.

काच बरी होती. स्क्रीनवर झाडून सगळं होतं आणि सगळं एकमेकांपासून सारख्या अंतरावर होतं. गिऱ्हाइकाचं नाव वर, त्याचा फोन तळाशी. किती नग ते डावीकडे, आणि त्याला खेटून कपडे कधी द्यायचे ती तारीख. मधे चोवीस शब्द आणि चोवीस चौकोन. साधी, खळ, घडी, हँगर, नाजूक, तातडीचे, असे एकामागून एक, शब्द, चौकोन, शब्द, चौकोन, कवायतीला उभे राहिल्यासारखे. हवा त्या चौकोनावर बोट टेकवलं की खूण व्हायची, आणि तशी चिठ्ठी आपोआप छापून इस्त्रीघरात जायची. कुठला चौकोन कुठल्या शब्दाचा, ते मात्र शब्दालाच ठाऊक. जावयाच्या घरच्या रुंद स्क्रीनवर म्हणे प्रत्येक ओळ शब्दाने सुरू व्हायची, त्यामुळे त्याला प्रश्न पडलाच नव्हता. काउंटरवरची स्क्रीन होती तळहाताएवढी. तिच्यावर ओळी मधेच तुटायच्या. एक ओळ शब्दाने सुरू, तर खालची चौकोनाने.

जावई घाईत डोकावला तेव्हा बाईंनी विचारलं, "जावईबापू, ही खळ कुठल्या चौकोनाची? डावीकडच्या की उजवीकडच्या?"

"उघड आहे की, मावशी," जावई हसून म्हणाला आणि निघूनही गेला.

पुढच्या तीन आठवड्यांत लाँड्रीने चाळीस वर्षांचं नाव धुऊन काढलं.

हॉटेलचे नॅपकिन कडक हवे होते, ते मऊसूत गेले आणि वेटरांच्या हातात मेलेल्या कोंबडीसारखे लोंबू लागले. कुणाचा तरी एकच रुमाल हँगरला लावून आला. त्या गृहस्थाने तो तसाच हातात धरून रस्त्याने नेला, तेव्हा लोकांना वाटलं हा कुणाला तरी शरण चाललाय. बारा नग लिहायच्या जागी तारीख बारा पडली, म्हणून एक माणूस दहा दिवस पायजम्यावर बसून राहिला. आणि जज्जसाहेबांच्या आतल्या कपड्यांना खळ गेली. चांगली दुहेरी, इस्त्री मारून, कडा उभ्या करून.

इस्त्रीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी आपला हुकमाचा ताबेदार. चिठ्ठीत खळ होती, मी खळ दिली. जज्जांची चड्डी आहे म्हटल्यावर मला वाटलं, कायदा कडक करायचा असेल."

मालकांनी बाईंना आत बोलावलं. लहानपणी हेच मालक त्या दांडीखाली कोटांच्या आडून लपाछपी खेळायचे. बाईंनी त्यांचं नाक किती वेळा पुसलं होतं त्याला गणती नाही. आता ते टेबलामागे बसून पेनचं टोपण काढत होते आणि घालत होते.

"बाई, जज्जसाहेबांचा फोन आला होता."

"काय म्हणाले?"

"उभ्याने बोलत होते." मालकांनी टोपण घातलं. "दोन दिवस ते निकालसुद्धा उभ्यानेच देतायत."

"मालक, मी सांगू का? त्या स्क्रीनवर सगळंच एका मापावर..."

मालकांनी हात वर केला. "स्क्रीनचं नाही बोलायचं. जावयाने रात्रंदिवस खपून केलीय. जावई म्हणजे दशमग्रह, बाई. इतर नवांना शांत करता येतं. उद्या तो रुसला तर माझी लेक मला जेवू घालायची नाही." मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुमची नजर आता पूर्वीची राहिली नाही. वय कुणाला चुकलंय? पहिल्या तारखेपासून तुम्ही मागे बसा. बटणं लावा. आरामाचं काम आहे."

"आणि काउंटरला?"

"गिऱ्हाईक आपलं आपणच भरेल स्क्रीनवर. ते स्टूल टाकू माळ्यावर, नाही तरी डुगडुगतंय."

वीतबाई बाहेर आल्या आणि स्टुलावर बसल्या. स्टूल डुगडुगलं. चाळीस वर्षं ते डावीकडे डुगडुगत होतं आणि चाळीस वर्षं त्या उजवीकडे झुकून बसत होत्या. मागच्या खोलीत खिडकी नव्हती. तिथे गिऱ्हाईक नव्हतं, गाठोडी नव्हती, कुणाचं कुणाशी बिनसलंय ते कळायची सोय नव्हती. बटणं कुणाबद्दल काही सांगत नाहीत.

त्या संध्याकाळी घरी दोन्ही कप वीतभर नाही, टेबलाच्या दोन टोकांना होते. नवऱ्याने कपांकडे पाहिलं, मग बायकोकडे. "हे माझ्यामुळे नाही," तो म्हणाला. "एवढं मी आयुष्यात कधी बोललेलोच नाही."

बाईंनी सगळं सांगितलं. नवऱ्याने चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून तळाला गेलं.

"आमच्याकडे एकदा नवीन बस आल्या," तो म्हणाला. "हॉर्नचं बटण आणि काचेवर पाणी मारायचं बटण, जुळी भावंडं. एकाशेजारी एक, रंग तोच. आम्ही बोंबललो, तर वर्कशॉपचे साहेब म्हणाले, ड्रायव्हरांना सवय नाही. मग कुणीतरी साहेबांनाच म्हटलं, तुम्हीच एक फेरी मारून दाखवा, आम्ही शिकतो. साहेब बसले. समोरून एक आजोबा आडवे आले. साहेबांनी हॉर्न दिला म्हणजे आजोबांना आंघोळ घातली." त्याने चमच्याने बिस्कीट वर काढलं. "दुसऱ्या दिवशी बटणं बदलली."

वीतबाईंनी दोन्ही कप उचलून एकमेकांशेजारी ठेवले. बोटभरसुद्धा अंतर राहिलं नाही.

गुरुवारी जावयाला त्या नॅपकिनवाल्या हॉटेलात जायचं होतं. साडेचारला तीन लाँड्र्यांचे मालक त्याची स्क्रीन बघायला येणार होते. चारला तो त्याचा करडा कोट न्यायला येतो म्हणाला होता. बाईंनी सकाळीच मालकांना जाऊन विचारलं, "मालक, आता सगळं जावईबापूंच्याच पद्धतीने करायचं ना? म्हणजे दांडीसुद्धा?"

मालक खूश झाले. "हे शहाणपण आधी सुचलं असतं तर?"

दुपारच्या सुट्टीत बाई आणि इस्त्रीवाला कामाला लागले. घरं मोडली. सगळ्यांचे शर्ट एकीकडे, सगळ्यांच्या पँटी दुसरीकडे, कोट तिसरीकडे, आणि जे उरलं ते जिथे जागा दिसेल तिथे. प्रत्येक कपडा शेजारच्यापासून बरोबर चार बोटांवर. चिठ्ठ्या कपड्यांवरून काढून दांडीलाच बांधल्या, दोन हँगरच्या बरोब्बर मधोमध. इस्त्रीवाला तर माप घ्यायला फूटपट्टी घेऊन आला.

"ताई, पाप लागेल," तो म्हणाला.

"लागेल तर जावयाला लागेल. पद्धत त्याची आहे."

काम संपल्यावर दांडी मोठी देखणी दिसायला लागली. एक ना दोन, शंभरेक कपडे सारख्या अंतरावर, एका रेषेत. बाईंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना दांडीवर एकही माणूस ओळखू येत नव्हता.

आणि पावणेचारला जज्जीणबाई आल्या.

त्या यायच्या नव्हत्या. त्या शुक्रवारी यायच्या. पण जज्जसाहेबांची एका समारंभाची वेळ बदलली होती, आणि त्यांना काळा कोट आणि दोन पांढरे शर्ट ताबडतोब हवे होते. "आणि आत घालायचं असेल ते मऊ द्या," जज्जीणबाई म्हणाल्या. "घरात बसायला माणूस उरला नाहीय."

वीतबाई स्टुलावरून उतरल्या आणि आत गेल्या. पांढरे शर्ट एकतीस होते. काळे कोट नऊ. त्यांनी एका शर्टाच्या डावीकडची चिठ्ठी वाचली, उजवीकडची वाचली. दोन्हींवर वेगळी नावं. पुढचा शर्ट. परत तेच. दुपारी आपणच बांधलेल्या चिठ्ठ्या आपण कुठल्या बाजूने धरून बांधल्या, ते आता त्यांना आठवेना. खरं तर त्यांनी ते ठरवलंच नव्हतं. थट्टा दुसऱ्याची करायची म्हणून केली होती, तिचं दार आतून उघडतं का, हे बघायचं राहून गेलं होतं. कपाळावर घाम आला. इस्त्रीवाल्याने दारातून विचारलं, "ताई?" आणि त्यांच्या तोंडाकडे बघून पहिल्यांदाच खोड न काढता परत गेला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मालक बाहेर आले. जज्जीणबाई घड्याळ बघत होत्या आणि आत वीतबाई एकतीस पांढऱ्या शर्टांसमोर हात लोंबकळत सोडून उभ्या होत्या. मालकांनी ते पाहिलं. नुसती मान हलवली, दुखवट्याला आल्यासारखी. बाईंना कळलं की पहिल्या तारखेची वाट बघायची गरज उरली नाही. स्टूल आजच माळ्यावर जाणार.

तेवढ्यात जावई आला.

"मामा, माझा कोट. हॉटेलात पोचायला उशीर होतोय." तो सरळ आत घुसला. दांडी बघून क्षणभर थबकला. "अरे वा, काय नीट लावलंय."

"तुमच्याच पद्धतीने," वीतबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या दुपारपासून जपून ठेवून होत्या.

करडे कोट सहा होते. एक जावयाचा आणि पाच हॉटेलच्या वेटरांचे. जावयाने आपलं नाव असलेली चिठ्ठी शोधली. सापडली. तिच्या डावीकडे एक करडा कोट, उजवीकडे एक करडा कोट.

"मावशी, ही चिठ्ठी कुठल्या कोटाची? डावीकडच्या की उजवीकडच्या?"

वीतबाईंनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं. "उघड आहे की, जावईबापू."

जावयाने उजवीकडचा कोट काढला आणि अंगात घातला. बाह्या जरा लांब होत्या. मालक पुढे आले. "नाही नाही, जावईबापू, डावीकडचा. आधी कोट, मग चिठ्ठी, असंच असतं."

"मामा, आधी चिठ्ठी येते, मग कोट. शब्द आधी, वस्तू मग."

"कुणी सांगितलं?"

"असंच करतात."

"अहो, कोण करतात?" मालकांचा आवाज चढला. लेकीच्या लग्नानंतर तो पहिल्यांदाच चढला होता आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. "दोन कोटांच्या बरोबर मधे चिठ्ठी लटकवल्यावर माणसाला कळायचं कसं? ज्याची आहे त्याच्याजवळ बांधायला काय झालं होतं? कुठल्या मूर्खाने ही पद्धत काढलीय?"

इस्त्रीघरातून खोकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ येत राहिला.

जज्जीणबाई काउंटरला वळसा घालून आत आल्या होत्या. त्यांनी जावयाच्या कोटाचा खिसा चिमटीत धरून पुढे ओढला. खिशावर लाल दोऱ्याने हॉटेलची खूण, एक छोटंसं तबक, भरलेलं होतं.

"तुम्ही त्याच हॉटेलात निघालायत ना?" त्या म्हणाल्या. "मग असेच जा. मात्र कुणी चहा मागितला तर आणून द्या, नाही म्हणू नका. आमच्या घरी निकाल मीच देते, म्हणून सांगते. चूक या बाईंची नाही. कालपर्यंत इथे मी बाहेर उभी राहून माझं घर ओळखत होते."

जावयाने कोट काढला. तो गुणी होता, हे आधीच सांगितलं आहे. त्याने तबकाकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, मग काउंटरवरच्या तळहाताएवढ्या स्क्रीनकडे जाऊन वाकून पाहिलं. एक ओळ शब्दाने सुरू होत होती, खालची चौकोनाने. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही मला हे विचारलं होतंत."

"विचारलं होतं."

"मी काय म्हणालो होतो?"

"ते जाऊ द्या. आधी बाईंचे शर्ट शोधू. ते माझ्या हातून हरवलेत." आणि हे त्या मनापासून म्हणाल्या.

मग सगळेच लागले. जावई चिठ्ठ्या वाचू लागला, मालक हँगर धरू लागले, इस्त्रीवाला आपल्या हातच्या घड्या ओळखून सांगू लागला. जज्जसाहेबांचा कोट कोपराला झिजला होता, त्यावरून जज्जीणबाईंनी तो स्वतःच ओढला. बाई एकेक घर जुळवत गेल्या. शर्टाशेजारी शर्ट, बोट. पँट, बोट. मग हाताचा पंजा ताणून दांडीवर टेकवायचा, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. वीत. पुढचं घर. जावई त्यांच्या हाताकडे बघत उभा राहिला.

"मधे एक उभी पट्टी लावली तर?" त्याने विचारलं. "किंवा प्रत्येक घराभोवती चौकट? स्क्रीनवर करता येईल."

"कुंपण कधी लागतं, जावईबापू? शेजारी भांडकुदळ असला तर. आधी जागा सोडून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर मग भिंती बांधा."

"आणि रंग?"

"मी एका घराच्या चिठ्ठ्यांना एकाच रंगाचा दोरा बांधते. पण सगळ्यांनाच नाही. चारपाचच ठेवलेत. सगळेच रंगीत झाले की परत सगळे सारखेच."

जज्जीणबाई कोट आणि दोन शर्ट घेऊन निघाल्या तेव्हा सव्वाचार वाजले होते. जावयाने हॉटेलात फोन करून अर्ध्या तासाने येतो म्हणून कळवलं, पिशवीतून आपलं यंत्र काढलं आणि काउंटरवर ठेवलं. बाई स्टुलावर चढल्या आणि सांगत गेल्या. नाव आणि फोन एका घरचे, त्यांना शेजारी घ्या. नग वेगळे, तारीख वेगळी, त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही, मधे वीत सोडा. खळ आणि साधी ही धुलाईच्या घरची, घडी आणि हँगर इस्त्रीच्या घरचे. नाजूक? नाजूक धुलाईतच, पण जरा बाजूला, ती सासुरवाशीण आहे. प्रत्येक शब्दाला त्याचा चौकोन चिकटवा, असा की मधून मुंगी गेली तर तिला आडवं व्हावं लागेल. ओळ तुटायची असली तर घरांच्या मधे तुटू दे, घरात नको.

इस्त्रीवाला खांद्यावरून बघत होता. "माझं काय?" तो म्हणाला. "मला कुठल्या घरात टाकलंय?"

"तातडीचे," बाई म्हणाल्या. "एकटा चौकोन. कुणी शेजारी राहायला तयार नाही."

जावई पावणेपाचला गेला, स्वतःच्या कोटात. तिथे काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. तिघांपैकी एका मालकाने स्क्रीन बघून विचारलं होतं, "ही मधे एवढी रिकामी जागा कशाला? अजून दहा गोष्टी मावतील." त्यावर जावयाने तोंड भरून सांगितलं होतं, की ती जागा कामाला आहे आणि पगार मागत नाही. बाईंकडून ऐकलेलं हे वाक्य मूळ कुणाचं, ते त्याला ठाऊक नव्हतं. मालकांना मात्र होतं. त्यांनी ते ऐकलं आणि थोडा वेळ पेनचं टोपण काढलं नाही की घातलं नाही.

पण माळ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. बटणांबद्दलही नाही. आणि बाईंनीही विचारलं नाही. त्या रोज येत होत्या, स्टुलावर उजवीकडे झुकून बसत होत्या, आणि पहिली तारीख जवळ येत होती.

पहिल्या तारखेला सकाळी त्या आल्या तेव्हा काउंटरमागे स्टूल नव्हतं.

त्या तिथे उभ्या राहिल्या. काउंटर त्यांच्या हनुवटीला लागत होता. पलीकडे एक गिऱ्हाईक आलं, त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि "कुणी आहे का" म्हणून हाक मारली. बाईंनी ओ दिली नाही. द्यावी की नाही, कुठून द्यावी, हेच त्यांना कळेना.

मागचं दार ढकलत मालक आले. हातात स्टूल होतं. चौथ्या पायाखाली नवं लाकूड जोडलेलं होतं, अजून पॉलिश न केलेलं. मालकांनी ते जागेवर ठेवलं, तळव्याने दाबून बघितलं. हललं नाही.

"डुगडुगत होतं," ते म्हणाले, बाईंकडे न बघता. "सुताराकडे दिलं होतं."

वीतबाई चढून बसल्या. चाळीस वर्षांच्या सवयीने उजवीकडे झुकल्या आणि पडता पडता वाचल्या.

"सवय होईल," मालक म्हणाले.

"होईल," बाई म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "थांबा, आणते."

त्या आठवड्याच्या शेवटी जावई कपडे न्यायला आला. आता तो आला की थेट आत न जाता दारात उभा राहून दांडीकडे बघायचा. आपलं घर, दुसऱ्यांची घरं, मधल्या विती. त्या दिवशी तो नेहमीच्या ठिकाणी बघत होता, मालकांच्या घरानंतर वीत सोडून, आणि तिथे काहीच नव्हतं. कोट नव्हता, शर्ट नव्हते. मग त्याला ते दिसले. सासऱ्यांच्या शर्टांना लागूनच टांगलेले होते. त्याने जवळ जाऊन दोन हँगरच्या मधे बोट घालून बघितलं. बोट गेलं आणि थोडी जागा उरली.

"मावशी," तो बाहेर येऊन म्हणाला, "हे बोटभर नाहीय. जास्त आहे."

"दीड बोट आहे," वीतबाई म्हणाल्या. "जावई तो शेवटी जावईच. अर्धं बोट असू द्यावं."